पैसे भरून गाडी घेतली, म्हणजे काम मान्य केलं का?

प्रश्न : माझी खासगी गाडी आहे. खड्ड्यातून गेली की पुढून खडखड यायची, म्हणून गॅरेजमध्ये दिली. जॉबकार्डवर, म्हणजे गाडी देताना गॅरेजने भरलेल्या कामाच्या कागदावर, ‘पुढून आवाज, तपासणे’ एवढंच लिहिलं होतं. तिथल्या मेकॅनिकने कोपरा दाबून सोडला आणि ‘शॉकॲब्सॉर्बर गेलेत’ म्हणाला. नंतर फोन आला तेव्हा मी ‘पुढचे बदला’ असं सांगितलं. गाडी आणायला गेलो तर चारही बदललेले! पूर्ण बिल भरल्याशिवाय चावी मिळणार नाही म्हणाले, म्हणून भरलं. खडखड अजून आहेच, वर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं आणि पुढचे टायर आतल्या कडेने झिजलेत. जुने शॉक मागितले तर ‘भंगारात दिले’. बिलाखाली ‘बसवलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं आहे. जुने पार्टच नाहीत, मग सिद्ध काय करणार? आणि पैसे भरून गाडी ताब्यात घेतली म्हणजे काम मान्य केलं असं होतं का?

उत्तर : नाही, होत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी.

केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क गॅरेजला आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० मध्ये तो दिलेला आहे. पण हा हक्क तुम्ही सांगितलेल्या कामापुरता. न सांगितलेल्या कामाचे पैसे उकळण्यासाठी गाडी अडवता येत नाही. याच कायद्याचं कलम ७२ सांगतं की, चुकीने किंवा जबरदस्तीने घेतलेले पैसे परत करावे लागतात. त्या कलमाखाली कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे : रेल्वे कंपनी बेकायदा आकार भरल्याशिवाय माल सोडत नाही, माल हवा म्हणून माणूस पैसे भरतो, जादा घेतलेली रक्कम त्याला परत मागता येते. रेल्वेच्या जागी गॅरेज आणि मालाच्या जागी गाडी ठेवा, तुमचंच प्रकरण आहे. पैसे भरताना बिलावर ‘हरकत राखून’ असे दोन शब्द लिहिले असते तर काम आणखी सोपं झालं असतं, पण ते नाहीत म्हणून दावा बुडत नाही.

आता पुराव्याचं. इथे मला तुम्हाला थोडं थांबवायचं आहे. ‘माझे जुने शॉक चांगलेच होते’ ही तुमची मुख्य तक्रार दिसते, आणि नेमकी तीच मी ग्राहक आयोगाकडच्या अर्जात पुढे करणार नाही. सेवेतली त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे, आणि ती पार पाडायला तुमच्या हातात वस्तूच नाही. कोपरा दाबून पाहण्याची ती चाचणी ढोबळ असते हे खरं. सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, हिंदकळत राहिली तर शॉक निकामी. पण यात पूर्ण गेलेलाच शॉक पकडला जातो, अर्धवट थकलेला सहज पास होतो. म्हणजे तुमची गाडी खरोखर हिंदकळली असेल, तर त्या मेकॅनिकचं निदान चूक म्हणता येणार नाही. खडखड राहिली यावरूनही जुने शॉक चांगले होते असं ठरत नाही. आवाज चाकाजवळच्या इतर भागांचा, म्हणजे लिंक रॉडचा, लोअर आर्मच्या बुशचा किंवा स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचा असू शकतो, आणि शेजारी शॉकही गेलेला असू शकतो. समोरचा वकील हे पहिल्या पाच मिनिटांत म्हणेल.

जुने पार्ट तुमच्या मालकीचे होते, ते न विचारता भंगारात घालायला नको होते, हे अर्जात जरूर लिहा. पुरावा दडवणाऱ्याच्या विरुद्ध अनुमान काढण्याची मुभा कायद्यात आहे. पण त्या एका मुद्द्यावर उभे राहू नका. मागितले तेव्हा ते आधीच गेले होते, एवढं म्हणून गॅरेज सुटू शकतं.

तुमची खरी ताकद दोन ठिकाणी आहे.

पहिली, मागची जोडी. जॉबकार्डवर ‘पुढून’ आहे, फोनवर ‘पुढचे’ सांगितलं होतं. पुढचे डावे-उजवे दोन्ही का बदलले, असा वाद घालू नका. एका ॲक्सलवरचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या दोन चाकांचे, शॉक जोडीनेच बदलायचे असतात, एक नवा आणि एक थकलेला ठेवला तर ब्रेक मारताना गाडी वेडीवाकडी वागते. पण पुढची जोडी बदलली म्हणून मागचीही बदलावीच लागते, असं तांत्रिक बंधन नाही. फोनवर तुम्ही चारही मान्य केले असं गॅरेज म्हणालं, तर त्यांचा मेसेज, एस्टिमेट, सही, काही तरी कागद मागा. जॉबकार्डसमोर नुसता शब्द टिकवणं त्यांना जड जाईल.

दुसरी ताकद, अलाइनमेंट, म्हणजे चाकं योग्य कोनात असणं. स्ट्रट म्हणजे नुसता शॉक नव्हे. स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला तो एक पाय असतो, आणि चाक कोणत्या कोनात उभं राहील हे त्याच्या बोल्टवरही अवलंबून असतं. तो उतरवून पुन्हा बसवला की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं आत-बाहेर वळलेलं असणं) हलू शकतात, म्हणून नंतर व्हील अलाइनमेंट तपासावंच लागतं. तुमच्या बिलात ती ओळ आहे का, आधी पाहा. नसेल, तर ओढणारं स्टिअरिंग आणि कडेने झिजलेले टायर यांचा धागा थेट त्यांच्या कामाशी जुळतो. ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मधली सेवेतली त्रुटी.

मात्र टायरची झीज नीट पाहून घ्या. आतल्या कडेने सलग असेल, तर अलाइनमेंटकडे बोट जातं. पण ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी असेल, तर ती बऱ्याचदा थकलेल्या शॉकची खूण असते, आणि ती झीज काम करण्यापूर्वीचीही असू शकते. म्हणजे तुम्हीच जोडलेला फोटो गॅरेजच्या बाजूने बोलायला लागेल. असं असेल तर टायरची भरपाई अर्जातून काढून टाका.

म्हणून आज करायचं काम हे : गाडी दुसऱ्या, या वादाशी संबंध नसलेल्या वर्कशॉपमध्ये न्या. अलाइनमेंटच्या मशीनचं ‘आधी-नंतर’ दाखवणारं छापील पान घ्या. खडखड कुठून येते हे लेखी घ्या, सही, तारीख आणि किलोमीटरच्या आकड्यासह. नव्या शॉकवरचे पार्ट नंबर, स्ट्रटचं माउंटिंग आणि टायर यांचे फोटो काढा. मगच दुरुस्ती करा, पण ती लांबवू नका. पुरावा जपायचा म्हणून ओढणारी गाडी तशीच चालवत राहिलात तर अपघाताचा धोका आहेच, शिवाय दोष माहीत असून असुरक्षित गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे. आणि वाढू दिलेलं नुकसान नंतर मागता येत नाही. फोनमधले मेसेज पुसू नका. मोबाइलही बदलू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यांच्या प्रतींसोबत प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं.

बिलाखालच्या त्या छापील ओळीला घाबरू नका. सदोष माल किंवा त्रुटीची सेवा परत न घेणं, पैसे न देणं, ही ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी बिलात मुदत दिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस धरतात. मुदत संपत आली असेल तर आजच लेखी मागणी पाठवा.

ती स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपून ठेवा. उत्तराला १५ दिवस द्या. मागणी नेमकी असू द्या : मागच्या जोडीची किंमत आणि मजुरी, अलाइनमेंटचा खर्च, आणि टायरची नवी पूर्ण किंमत न मागता झिजलेल्या आयुष्याच्या प्रमाणात रक्कम. पुढच्या जोडीचे पैसे मागायचे तर निदानच चुकलं हे दाखवावं लागेल. मी मागणार नाही.

उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, गॅरेज कुठेही असो. गॅरेजला दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लागतोच असंही नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. ठरावीक तपासणी प्रयोगशाळेतूनच करावी लागली, तर आयोग सुटा भाग पाठवतो आणि तिचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो. कायद्यात निकालासाठी ३ महिने, तपासणी असेल तर ५ महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, अशा रकमांचे वाद तिथे कधीकधी सुटतात.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार देण्याचा मोह होईल. फसवणुकीला सुरुवातीपासूनच्या बेइमान हेतूचा पुरावा लागतो, तो तुमच्या कागदांत मला दिसत नाही.

आणि नोटीस मिळाल्यावर गॅरेजने ‘या, अलाइनमेंट फुकट करून देतो’ असा फोन केला तर सरळ नाही म्हणू नका, पण त्या दुसऱ्या वर्कशॉपचं अलाइनमेंटचं पान घेऊन झाल्यावरच जा. काम झाल्यावर पुढे येणारा कागद वाचा. ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ अशा ओळीखाली, मागच्या जोडीचे पैसे हातात येईपर्यंत, सही करू नका.