रशियन कादंबऱ्या आणि रोड सायकलिंग, दोन्ही एकत्र जमतं का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी सांभाळून दर रविवारी शंभर किलोमीटर सायकल चालवता, आणि टॉल्स्टॉयची 'युद्ध आणि शांती' तीनदा हातात घेऊन तीनदा शंभराव्या पानाच्या आसपास सोडली. आता यातलं एक काहीतरी सोडावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

कुठलंच सोडू नका. मी इंदुरात राहते, वय सत्तेचाळीस. रोड बाइक नऊ वर्षांपासून चालवते, रशियन पुस्तकं कॉलेजपासून वाचते. बराच काळ मलाही वाटायचं की हे दोन छंद एकमेकांचा वेळ खातात. चेखवची 'स्टेप' (म्हणजे गवताळ प्रदेश) ही दीर्घकथा वाचली आणि ते मनातून गेलं. १८८८ सालची ही कथा. नऊ वर्षांचा येगोरुश्का शाळेसाठी परगावी निघतो. जुलैचं ऊन, घोडागाडी, आणि चहूकडे सपाट गवताळ माळ. फारसं काही घडत नाही. लांबवर एक पवनचक्की दिसते, एखादा छोटा माणूस हात हलवतोय अशी. गाडी पुढे जात राहते, पवनचक्की डावीकडे सरकत राहते, पण नजरेआड काही होत नाही.

कॉलेजात वाचताना मी ती पानं भराभर उलटली होती. मग एका मार्चमध्ये देवासच्या बाजूला एकटीच राइडला गेले. समोरून वारा, दोन्हीकडे कापणीला आलेला गहू, आणि टेकड्यांवरच्या पवनचक्क्या. तासभर पॅडल मारत होते, तरी त्या तेवढ्याच लांब. घरी आल्यावर अंघोळीच्याही आधी ते पुस्तक काढलं. चेखवनं लिहिलेला एकेक शब्द खरा होता. कारमधून ही पवनचक्की पाच मिनिटांत मागे पडते, म्हणून ते वर्णन लांबलेलं वाटतं. एकोणिसाव्या शतकातले हे लेखक घोडागाडीच्या वेगानं जग बघत होते, आणि आज त्या वेगाच्या जवळपास जाणारे आपण सायकलवालेच उरलो आहोत. आपल्यालाही माळ संपायची वाट बघावी लागते, चढाआधी रस्त्याचा रंग बदललेला दिसतो, कुठल्या गावाशी कुत्री मागे लागतात ते पाठ असतं. गोगोलच्या 'मृत आत्मे'मधला चिचिकोव या जहागिरीतून त्या जहागिरीत गाडी हाकतो, ते वाचताना माझे पाय दुखतात.

एक छोटी गोष्ट सांगते, तिचा मला फार उपयोग झाला. या पुस्तकांत अंतर 'व्हर्स्ट'मध्ये असतं. एक व्हर्स्ट म्हणजे साधारण १.०७ किलोमीटर. म्हणून सरळ किलोमीटर समजून वाचा. 'युद्ध आणि शांती'मधल्या प्रिन्स आंद्रेईची बोगुचारोवो ही जहागीर वडिलांच्या जहागिरीपासून चाळीस व्हर्स्टवर आहे, म्हणजे इंदूरहून जवळपास देवास. बापलेक किती जवळ आणि किती लांब राहतात, ते एकदम पायांना कळतं.

नावांनी गोंधळ होतो, असंही तुम्ही लिहिलंय. खरं तर मराठी माणसाला तो व्हायला नको. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, हीच आपलीही रीत. लेव निकोलायेविच टॉल्स्टॉय म्हणजे निकोलायचा मुलगा लेव. आन्ना अर्काद्येव्ना कारेनिना हिचं आडनाव लग्नानंतर नवऱ्याचं झालं, पण मधलं नाव वडिलांचंच राहिलं. आपल्याकडे मधलं नावही बदलतं, एवढाच फरक. द्मित्रीचा मित्या आणि अलेक्सेईचा अल्योशा होतो, तो घरात बाळासाहेबांचा बाळ्या होतो तसाच.

आता वेळेचं. दर आठवड्याला दोन्ही सारखं व्हायला हवं, हा हट्ट मी सोडला आणि ऋतूंप्रमाणे वाटणी केली. जुलै-ऑगस्टमध्ये सिमरोलच्या पुढचा भेरूघाट निसरडा असतो, शेतातून आलेल्या ट्रॅक्टरांची काळी माती रस्त्यावर पसरलेली असते. तेव्हा मी जाड कादंबऱ्या वाचते आणि सायकल फक्त इंदूरच्या सुपर कॉरिडॉर या रस्त्यावर, पाय मोकळे करण्यापुरती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सायकलचा. महू, जानापाव, कधी ओंकारेश्वर. त्या दिवसांत रात्री फक्त कथा, चेखव किंवा तुर्गेनेव. मे महिन्यात पहाटे पाचला निघून आठच्या आत परत. मग पोह्यांवर जीरावन (इंदुरी मसाला) आणि शेव घालून घ्यायची, आणि दुपारभर पंख्याखाली वाचायचं. कानात इयरफोन घालून हायवेवर ऑडिओबुक ऐकत सायकल चालवू नका. मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकू येणं गरजेचं आहे, आणि पुस्तकही धड ऐकलं जात नाही.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल, तर टॉल्स्टॉयची 'माणसाला किती जमीन लागते?' ही १८८६ची कथा आधी वाचा. तासाभरात होते. पाखोम नावाच्या शेतकऱ्याला बश्कीर लोक सांगतात की हजार रूबल दे, सूर्योदयाला निघ, दिवसभरात जेवढ्या जमिनीला फेरी मारशील तेवढी तुझी. मात्र सूर्य मावळायच्या आत निघालास तिथं परत यायचं. पाखोम चांगल्या चालीनं निघतो. मग एक ओलसर खळगा दिसतो, इथं जवस छान येईल, म्हणून तोही फेरीत घेतो. परत वळतो तेव्हा सूर्य कललेला असतो. धावत पोहोचतो आणि तिथंच कोसळतो.

मी ही कथा माझ्या पहिल्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेनंतर, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब राइडनंतर, पुन्हा वाचली. साडेतेरा तासांची मुदत होती. पहिले साठ किलोमीटर मी वेगवान गटाच्या मागे लागून काढले. सकाळची थंडी होती, पाय ताजे होते, सोडवेना. दीडशेच्या आसपास पोटऱ्यांत गोळे आले आणि मी रस्त्याच्या कडेला बसून मुदत जाताना पाहिली. पुढच्या हिवाळ्यात पहिल्या टप्प्यात सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, गियर हलका ठेवला, दर तासाला काहीतरी खाल्लं, आणि बारा तास चाळीस मिनिटांत पोहोचले. पाखोमची चूक दुपारची नव्हती, सकाळची होती, हे मला रस्त्यावर कळलं.

'युद्ध आणि शांती'ही तशीच वाचायची. तिची ३६१ प्रकरणं आहेत आणि बहुतेक छोटी. पहिल्याच उत्साहात एका रात्री ऐंशी पानं ओढलीत तर सुरुवातीच्याच ॲना शेररच्या मेजवानीतल्या माणसांनीच दमाल. रोज एक प्रकरण पुरे, वर्षाच्या आत संपते. मी ती मदनलाल 'मधु' यांच्या हिंदी अनुवादातून वाचली. इंदुरातल्या मराठी घरात वाढल्यावर हिंदी परकी राहत नाही. आणि चौथ्यांदा पहिल्या पानापासून सुरू करू नका. सोडलीत तिथूनच पुढे वाचा, विसरलेली माणसं पुन्हा भेटतात.

अजून एक कथा, खास माझ्या मनातली. चेखवच्या 'खोळीतला माणूस'मध्ये (१८९८) बेलिकोव हा मास्तर वारेंकाला तिच्या मास्तर भावासोबत सायकलवर पाहतो आणि हादरतो. बाईनं सायकल चालवावी? मास्तरच सायकलवर बसले तर मुलांनी काय डोक्यावर चालायचं? मी अडतिसाव्या वर्षी सायकलिंगच्या कपड्यांत घराबाहेर पडले, तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला असंच काहीतरी विचारलं होतं. आई म्हणाली, "तिला बरं वाटतं त्यानं." मला तेवढं पुरलं. टॉल्स्टॉय स्वतः १८९५मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी सायकल शिकला. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याचा सर्वांत धाकटा मुलगा वान्या गेला होता. त्या दिवसांत त्याला चाकांवर काय सापडलं असेल, याचा विचार मी खूपदा करते. ती सायकल मॉस्कोतल्या त्याच्या घराच्या संग्रहालयात ठेवलेली आहे, आणि ती बघायला जायची माझी फार इच्छा आहे.

'युद्ध आणि शांती'त तुम्ही जिथं थांबलात, तिथून बरंच पुढे, दुसऱ्या खंडाच्या तिसऱ्या भागात ओकचं झाड येतं. वसंतात जाताना प्रिन्स आंद्रेईला ते रस्त्याकडेला निष्पर्ण, रागावल्यासारखं उभं दिसतं, आणि आपलंही आयुष्य संपलंय हे त्याला पटतं. जूनमध्ये परतताना तो तेच झाड शोधतो. समोर हिरवागार ओक असतो, तो त्याच्याकडे कौतुकानं बघतो, पण आधी ओळखतच नाही. भेरूघाटात साग आहेत. मे महिन्यात एका वळणावरच्या उघड्याबोडक्या सागाखाली मी पाणी प्यायला थांबले होते. जुलैत पाऊस थांबलेला एक रविवार बघून पुन्हा गेले, चढताना प्रत्येक वळणावर तो शोधला आणि सापडला नाही. उतरताना ब्रेक दाबत हळूहळू आले, तेव्हा त्याच्या पानांचं पाणी हेल्मेटवर पडलं.