११२ ला फोन लावला की गाडी पाठवायचं सोडून प्रश्नच का विचारत बसतात?

तुम्ही लिहिलंय, बाहेर मारामारी चालली होती, तुम्ही ११२ लावलं. तिकडच्या बाईने तालुका, गाव, जवळची खूण विचारत तुम्हाला लटकवलं आणि वर साताऱ्याहून दुसऱ्या कुणीतरी फोन करून तेच परत विचारलं. असं का, आणि तक्रार कुठे करायची? मी वाचून पुढे गेले असते. पण शेवटी तुम्ही "नुसतं फोनवर बसायचं काम, तेही धड जमत नाही" असं जोडलंय. हे वाक्य आमच्या दाजींचं आहे, त्यामुळे आता ऐकाच.

मी पोलिसात आहे. ११२ महाराष्ट्रात २०२१ ला सुरू झालं, तेव्हापासून सातारा जिल्ह्याच्या कंट्रोलला डिस्पॅचवर, म्हणजे गाड्या पाठवायच्या कामावर बसते. तुमचा फोन साताऱ्यात वाजतच नाही. तो नवी मुंबईला नाहीतर नागपूरला उचलला जातो. तिथली मुलगी ऐकता ऐकता टाइप करते, इव्हेंट, म्हणजे त्या कॉलची नोंद, आमच्या स्क्रीनवर पडतो, आम्ही जवळची मोकळी गाडी बघून तिच्या टॅबवर टाकतो. विचारणारी वेगळी, गाडीतले वेगळे. तुम्ही "काय चौकशी लावलीय" म्हणून ओरडत असता तोवर बरेचदा गाडी निघालेली असते. आणि नागपूरच्या पोरीला साताऱ्यातल्या पोवई नाक्याची अलीकडची बाजू कुठली हे कसं कळावं? म्हणून आम्ही परत फोन लावतो.

एका रात्री इव्हेंट आला: वाठार, तालुका कोरेगाव, मारहाण. आता सातारा जिल्ह्यात वाठार म्हटलं की वाठार स्टेशन, वाठार किरोली, फलटणकडचं वाठार निंबाळकर आणि कराडजवळ हायवेचं वाठार. बरं, तालुका कळला म्हणून सुटलात असंही नाही. स्टेशन आणि किरोली दोन्ही कोरेगावातच. एकाला वाठारचं पोलीस ठाणं, दुसऱ्याला रहिमतपूरचं. लोकेशन मोबाइल टॉवरचं आलेलं, म्हणजे नुसता अंदाज, त्याच्या भरवशावर गाडी सोडण्यात अर्थ नव्हता.

दोन्ही ठाण्यांच्या गाड्यांना तयार राहायला सांगितलं आणि फोन लावला. आवाज शाळकरी पोराचा. "बांधावनं भांडण लागलंय, आज्ज्याला मारत्यात, लवकर या."

"कुठलं वाठार, बाळा?"

"वाठारच वो!"

त्याच्या दृष्टीने जगात एकच वाठार, त्याचं काय चुकलं? रेल्वे दिसते का विचारलं, तर रडायलाच लागला. मग विचारलं, "बाजाराला कुठं जाता तुम्ही?"

"रहिमतपूरला."

झालं. रहिमतपूरची गाडी निघाली. पुढचे प्रश्न तुमच्यासारख्याला फालतू वाटतील. किती जण आहेत? हातात काय आहे? कोणी प्यालेलं आहे का? गाडीत दोघं-तिघं असतात हो, समोर कुऱ्हाड आहे की नुसती शिवीगाळ हे त्यांना उतरायच्या आधी कळायला हवं. पोराला घरात जाऊन कडी लावायला लावली, रक्त येतंय म्हणाला म्हणून १०८ लाही कळवलं. गाडी पोचेपर्यंत त्याला बोलता ठेवला. नंतर आजोबांचं काय झालं ते मला ठाऊक नाही. गाडीने इव्हेंट बंद करताना एका ओळीचा शेरा टाकला, तोवर पुढचा कॉल आला होता. "बाजाराला कुठं जाता" हा प्रश्न कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेला नाही. तो तालुका फिरलेल्या माणसालाच सुचतो.

मधल्या वेळात काय येतं तेही सांगते. खिशात दाबले गेलेले फोन, लहान पोरांच्या हातातले लॉक असलेले फोन, रिचार्ज मारा म्हणणारे तळीराम. तेही उचलावे लागतात, कारण एखादी बाई नवऱ्यासमोर बोलू शकत नाही म्हणूनही गप्प असते.

आता दाजी. खंबाटकीत अपघात बघितला, फोन केला, "खंबाटकीत आहे, या" म्हणाले. पलीकडून विचारलं, घाटात की बोगद्यात? तोंड पुण्याकडे की साताऱ्याकडे? यांचा पारा चढला, फोन आपटला. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात तोच किस्सा आणि वर "आमच्या मेव्हणीचं खातं". अहो दाजी, तेव्हा पुण्याला जाणारी वाहनं बोगद्यातून आणि साताऱ्याला येणारी घाटातून, दोन्ही एकेरी! चुकीच्या तोंडाने गाडी शिरली की समोर जखमी दिसला तरी तिथे पोचता येत नाही, सगळा वळसा परत घालावा लागतो. पुण्याला शंभर वेळा गेलेल्या माणसाला हे मी सांगायचं? ताईसमोर बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते.

तेव्हा आधी ठिकाण सांगा, मग हकिकत. हायवेवर असाल तर किलोमीटरचा आकडा वाचा आणि तोंड कुठे ते सांगा. गावात असाल तर तालुका, आणि बाजाराचं गाव. फोन कट झाला तर आम्ही उलट लावतो, तो नंबर अनोळखी म्हणून कापू नका. बऱ्याच स्मार्टफोनवर पॉवरचं बटण झटपट तीनदा, काहींवर पाचदा दाबलं तरी लागतो, पण घरी गंमत म्हणून करून बघू नका.

आमच्यातही तुसडे आहेत, नाही म्हणत नाही. पाटण-जावळीच्या खोऱ्यात रेंजच नसते, तिथे आमचं कौशल्य कामाचं नाही. कधी जवळची गाडी दुसऱ्या कॉलवर गुंतलेली असते आणि उशीर होतो, तो राग रास्त आहे.

तक्रारीचं म्हणाल तर अर्ज घेऊन अधीक्षक कार्यालयात जा. तारीख आणि वेळ लिहा. कॉल रेकॉर्ड झालेला असतो, तुम्ही काय काय बोललात तेही त्यात आहे.