साहेबांना कसं सांगू?

"मॅडम, राजीनामा कसा लिहायचा तेवढं सांगा, बाकी माझं सगळं ठीक आहे." नोकरी बदलू पाहणारे अनेक जण समुपदेशनासाठी माझ्याकडे याच वाक्याने येतात. मजकुराचे नमुने तर इंटरनेटवर ढिगाने मिळतात. अडलेलं असतं ते दुसरीकडेच.

जिच्याबद्दल लिहिते आहे तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती खरेदी विभाग सांभाळायची. वय तिशीच्या आतलं, नोकरीला पावणेपाच वर्षं झालेली. पुण्यात जास्त पगाराची नोकरी मिळाली होती, ऑफर लेटर हातात होतं आणि राजीनामा काही लिहून होत नव्हता. रात्री लिहायची, सकाळी खोडायची. झोप उडाली होती, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा यायचा.

तिने मोबाइलवरचा मसुदा दाखवला. साडेतीन पानं. सुरुवातीला साहेबांचे उपकार, मग माफी, मग अचानक दोन वर्षांपूर्वी न मिळालेली पगारवाढ, मागाहून आलेल्या मुलाला दिलेलं प्रमोशन, सुट्टीच्या दिवशीचे फोन. पुन्हा माफी. आणि शेवटी, "आपण परवानगी दिलीत तरच मी जाईन."

या शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. ज्या नोकरीचा निर्णय तिने घरी घेतला होता, आईला सांगितला होता, पुण्याच्या कंपनीला कळवला होता, तो निर्णय ती पुन्हा साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवत होती. मी तिला विचारलं, "साहेब नाही म्हणाले तर?" ती म्हणाली, "तेच तर. म्हणून लिहवत नाही."

तिच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी साहेबांनी एका फोनवर पन्नास हजार रुपये दिले होते. ते ती विसरू शकत नव्हती, आणि विसरावंही का? पण बोलता बोलता कळलं की ती उचल होती. दरमहा पगारातून हप्ते कापून ती वर्षभरात फिटलीही होती. पैसे फिटले म्हणून वेळेला धावून आलेल्या माणसाचं ऋण संपतं असं मी मानत नाही. मात्र ते मानायची जागा राजीनाम्याचं पत्र नव्हे, आणि त्याच्या बदल्यात जन्मभराची नोकरी तर नव्हेच. लहान कारखान्यांत, दुकानांत, दवाखान्यांत जिथे मालक रोज समोर असतो तिथे हा गुंता फार दिसतो. 'आपण सगळे एकाच घरातले' हे ऐकून माणूस जीव लावून काम करतो, आणि निघायची वेळ आली की घर सोडल्यासारखा अपराधी होतो.

मी तिला साडेतीन पानांचे तीन ढीग करायला सांगितले. साहेबांबद्दलची कृतज्ञता समोर बसून, तोंडाने सांगायची. राग आणि तक्रारी वहीत, अगदी मनसोक्त, पण वहीतच. त्यातलं साहेबांना सांगण्यासारखं काही उरलं तर ते शेवटच्या आठवड्यात शांतपणे बोलता येतं. उरली ती माहिती, आणि राजीनामा म्हणजे तेवढीच. तो नोकरीच्या फाइलमध्ये राहणारा, तारीख असलेला कागद आहे. उद्या तो वाचणारा माणूस साहेबच असेल असंही नाही.

तिचं पत्र शेवटी असं झालं: "मी खरेदी विभागातील माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूक पत्रातील अटीनुसार नोटिशीचा कालावधी धरून अमुक तारीख हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. तोपर्यंत माझ्याकडील सर्व कामे आपण सांगाल त्या व्यक्तीकडे सोपवीन. येथे मिळालेल्या संधीबद्दल मनापासून आभार."

"इतकं कोरडं?" ती म्हणाली. मी म्हटलं, ओलावा तुझ्या बोलण्यात असू दे.

'अमुक तारीख' ठरवायला मात्र आमचं एक पूर्ण सत्र गेलं. तिला वाटत होतं नोटीस एका महिन्याची आहे. मी नेमणूक पत्र शोधायला लावलं, तर त्यात दोन महिने. शिवाय दोन महिने धरूनही तिची पाच वर्षं भरायला पंधरा दिवस कमी पडत होते. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, हक्क मिळतो, हा १९७२च्या कायद्यापासून चालत आलेला नियम. हिशेब सोपा आहे: दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. तिचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये, म्हणजे वर्षाला १५,००० आणि पाच वर्षांचे ७५,०००. अपराधीपणाच्या भरात ती हे सोडून निघाली होती. तिने पुण्याच्या कंपनीला मेल करून रुजू व्हायची तारीख पुढे मागितली, आणि त्यांनी एका दिवसात होकार कळवला. मन हलकं करणं हे माझं काम खरं, पण घाबरलेला माणूस स्वतःचे कागद वाचत नाही, म्हणून ते मी वाचायला लावते.

मग आम्ही सराव केला. मी साहेब झाले. "पगार वाढवतो, थांब," म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "बरं सर, मी बघते परत." आम्ही दोघी थांबलो. पुन्हा केलं. "तुझ्या आईच्या वेळी..." असं मी म्हटलं तेव्हा तिचे डोळे भरले, पण या वेळी ती बोलली: "सर, ते मी कधीच विसरणार नाही. माझा निर्णय झाला आहे. जाण्याआधी काम नीट लावून देईन." हीच तीन वाक्यं, याच क्रमाने. साहेब काहीही म्हणाले तरी याच्यापलीकडे खुलासा द्यायचा नाही, एवढंच ठरवलं. आधी भेटून सांगायचं, त्याच दिवशी मेल करायचा आणि छापील पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. पोच मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. नोटिशीचे दिवस त्या तारखेपासून मोजतात.

एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. हा साधा कागद आपल्या मर्जीने निघणाऱ्यांसाठी आहे. "राजीनामा लिहून दे, नाहीतर काढून टाकतो," असं कोणी दटावत असेल, तर 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहून सही करू नका. त्या दिवशी सहीच करू नका. वेळ मागा, कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा. लैंगिक छळामुळे नोकरी सोडावीशी वाटत असेल तर २०१३च्या कायद्याखाली कंपनीतल्या अंतर्गत समितीकडे वेगळी लेखी तक्रार करता येते. त्यासाठी मुदत घटनेपासून, आणि घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असेल तर समिती ती वाढवू शकते. राजीनाम्यात एक मोघम ओळ टाकून ती तक्रार होत नाही.

तिच्या साहेबांनी ऐकून घेतलं, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ठरवूनच आलीस, मग मला कशाला सांगतेस?" पुढचे काही आठवडे ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. ती माझ्याकडे येऊन रडली. मी तिला समजावलं नाही. पाच वर्षं ज्याची शाबासकी हवीशी वाटली त्याने तोंड फिरवलं, तर दुखणारच. पण झोप परत आली होती, आणि पुरवठादारांची यादी, थकलेली बिलं, चालू ऑर्डरी असं सगळं तिने नव्या मुलाला लावून दिलं. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र (रिलिव्हिंग लेटर) आणि हिशेब यथावकाश मिळाला, ग्रॅच्युइटीसकट. पीएफचे पैसे न काढता जुन्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नव्या कंपनीकडे वळते केले. साहेबांशी मनातलं बोलायचं अजून राहिलं आहे असं ती म्हणते. ते पत्राने होणार नाही हे तिला आता ठाऊक आहे, आणि पुढच्या वेळी नाशिकला आली की कारखान्यात जाऊन भेटायचं तिने ठरवलं आहे.