परदेशातलं तेल सैन्य पाठवून हक्काचं करता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: भारताला ८५ टक्क्यांहून जास्त क्रूड, म्हणजे कच्चं तेल, बाहेरून आणावं लागतं, मग एवढं सैन्य पदरी असताना तेलाचा एखादा प्रदेश ताब्यात घेऊन ही कटकट कायमची का मिटवत नाही? नीतीचा भाग तूर्त सोडून देतो. मी बडोद्याचा, नोकरी कोयलीच्या रिफायनरीत, तीही टँक फार्मवर, म्हणजे तेल साठवायच्या टाक्यांवर. त्यामुळे मला विहिरीपेक्षा पाइपलाइनची काळजी जास्त.

आमच्याकडे आयातीचं क्रूड जामनगरकडच्या वाडिनारहून येतं. टँकर धक्क्याला लागतच नाही; खोल पाण्यातल्या तरंगत्या बोयाला बांधतात आणि तिथूनच उपसतात. पुढे पाइपलाइन, विरमगामला एक फाटा कोयलीकडे, दुसरा मथुरेकडे. वाटेतलं पंपिंग स्टेशन बसलं की आवक थांबते, आणि रिफायनरीचं पिणं काही थांबत नाही. टाकीची पातळी गेजवर सेंटिमीटर-सेंटिमीटरने उतरताना बघत बसायचं. हे आपल्याच देशात, कुणी वाकड्यात नसताना.

आता १९५६ बघा. तेलाचा रस्ता हातचा जाऊ नये म्हणून ब्रिटन आणि फ्रान्स सुवेझवर उतरले (इस्रायल सोबत होतंच). इजिप्तने जहाजं बुडवून कालवाच बंद केला, तिकडे सीरियात इराकहून येणाऱ्या पाइपलाइनची पंपिंग स्टेशनं उडवली गेली, आणि डिसेंबरात ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. घ्यायला गेले आणि होतं तेही घालवून बसले. १९४२ मध्ये जर्मनांना रशियातल्या मायकोपच्या तेलविहिरी मिळाल्या त्या रशियनांनी आधीच निकामी केलेल्या. जपानने त्याच वर्षी सुमात्रातलं तेलाचं पालेमबांग घेतलं, उत्पादन पुन्हा चालूही केलं. पुढे अमेरिकन पाणबुड्यांनी टँकर बुडवले, मग ते तेल असून नसल्यासारखंच.

कुणी इराणचं नाव काढेल. १९५३ मध्ये तिथले पंतप्रधान मोसाद्देक यांना उलथवलं आणि पाश्चात्त्य कंपन्यांना पुढे पंचवीस वर्षं तेल मिळालं, हे खरंच आहे. पण तो कट होता, बाहेरचं सैन्य उतरलं नव्हतं. शिवाय ज्या ब्रिटिश कंपनीकडे आधी सगळंच होतं तिच्या वाट्याला ४० टक्के उरले, आणि १९७९ च्या क्रांतीत तेही गेले. १९९१ ला इराकने बळकावलेल्या कुवेतमध्ये अमेरिकेच्या आघाडीचं सैन्य उपयोगी पडलं, कारण घरमालकालाच ते हवं होतं. तरी जाता जाता इराक्यांनी सहाशेहून जास्त विहिरी पेटवल्या. शेवटची विझायला नोव्हेंबर उजाडला.

समुद्राचं वेगळं. तिथे नौदल लागतंच. २०१९ पासून आपलं नौदल 'ऑपरेशन संकल्प'मध्ये आखातात आपल्या जहाजांना सोबत करतं, आणि ते योग्यच आहे. पण त्याच वर्षी सौदीच्या अबकैक तेलप्रकल्पावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं आदळली आणि त्यांचं निम्मं उत्पादन रातोरात बंद पडलं. सौदीकडे शस्त्रं कमी होती म्हणता?

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते इराकचं. २००३ मध्ये अमेरिकेने आपल्याकडे सैन्य मागितलं, जुलैत वाजपेयी सरकारने नकार दिला. पुढे २००९ च्या तेलक्षेत्रांच्या लिलावांत, अमेरिकन फौजा तिथे असतानाच, रुमैला गेलं ब्रिटनच्या बीपी आणि चीनच्या सीएनपीसीकडे, वेस्ट कुर्ना-२ रशियाच्या लुकॉइलच्या गटाकडे. आणि २०१७-१८ मध्ये भारताला सगळ्यात जास्त क्रूड कुणी विकलं? इराकने. आपण फक्त पैसे मोजले.

खर्चच करायचा तर मी तो भूमिगत साठ्यांवर करेन. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर मिळून आज ५३.३ लाख टनांची सोय आहे, म्हणजे देशाची जेमतेम साडेनऊ दिवसांची गरज.