टल्सामधील घर कोणाच्या हद्दीत?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात राहतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निम्मे राज्य मूलनिवासींना परत दिले आणि पुढे तो निकाल फिरवला, असे ऐकले. मुलाच्या घराच्या मालकीला यामुळे धोका आहे काय? — एक वाचक, सातारा

उत्तर : घराच्या मालकीला धोका नाही. न्यायालयापुढचा प्रश्न जमीन कोणाची हा नव्हता, तर तेथे घडलेल्या गुन्ह्याचा खटला कोणी चालवायचा हा होता. मस्कोगी, म्हणजेच क्रीक या मूलनिवासी लोकांना अलाबामा आणि जॉर्जियातून हुसकावताना 1832 आणि 1833 च्या तहांनी पश्चिमेकडील, आजच्या ओक्लाहोमातील भूमी कायमची देऊ केली गेली. पुढे ती वैयक्तिक मालकीत वाटली गेली, 1907 मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले आणि जुनी हद्द संपल्याचे राज्याने गृहीतच धरले. 9 जुलै 2020 रोजी ‘मॅक्गर्ट’ खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ही हद्द स्पष्ट शब्दांत कधीच रद्द केलेली नाही. म्हणून तेथे मूलनिवासी व्यक्तीने केलेल्या गंभीर गुन्ह्याचा खटला राज्याला नव्हे, तर केंद्र सरकारला चालवता येईल. चेरोकी, चोक्टॉ, चिकासॉ आणि सेमिनोल या इतर मूलनिवासी लोकांच्या हद्दींनाही राज्याच्या फौजदारी अपील न्यायालयाने हेच तत्त्व लावले. ‘निम्मे राज्य’ ही वदंता त्यातूनच उठली असावी.

निकाल फिरवला, हेही खरे नाही. राज्याने तशी मागणी केली होती. परंतु जानेवारी 2022 मध्ये न्यायालयाने ती विचारात न घेता एकच मर्यादित मुद्दा सुनावणीस घेतला. मूलनिवासी व्यक्तीविरुद्ध मूलनिवासी नसलेल्याने केलेल्या गुन्ह्याचा खटला केंद्राबरोबर राज्यही चालवू शकते, असा निर्णय 29 जून रोजी, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी झाला. मधल्या काळात पहिल्या निकालाच्या बाजूने असलेल्या न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचे निधन होऊन त्यांच्या जागी बॅरेट आल्या होत्या, हे येथे विसरता येणार नाही. पहिला निकाल लिहिणाऱ्या गोर्सच यांनी या वेळी कडक भिन्नमत नोंदवले आणि, माझ्या मते, तहांच्या इतिहासाशी तेच अधिक प्रामाणिक आहे.

तेथील कायद्यात ‘इंडियन’ म्हणजे मूलनिवासी. तुमचा मुलगा भारतीय असूनही त्या अर्थाने ‘इंडियन’ नाही. टल्साचा मोठा भाग मस्कोगी हद्दीत येतो. तेथे त्याच्या घरी घरफोडी झाली आणि चोर मस्कोगी नेशनचा, म्हणजे मस्कोगी लोकांच्या स्वतःचे शासन असलेल्या समुदायाचा, सदस्य निघाला, तर खटला केंद्राच्या किंवा नेशनच्या न्यायालयात जाईल. मूलनिवासी नसलेला कोणी निघाला, तर राज्याच्या न्यायालयातच चालेल.