महागडा दाढीचा साबण घेण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. पहिल्या पगारातून सेफ्टी रेझर आणि ब्रश घेतलास, सकाळची दाढी आता कंटाळवाणी वाटत नाही, हे वाचून मनापासून आनंद झाला. आता तुझं मन एका फ्रेंच साबणावर बसलंय. चार हजार रुपये. दर वर्षी किंमत वाढतेच आहे, तेव्हा आत्ताच दोन डबे घेऊन ठेवू का, असं विचारतोस.

दोन तर मुळीच घेऊ नकोस. एकाचं काय करायचं ते नीट लिहितो. माझी उमेदीची वर्षं साबणाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत गेली. त्यामुळे डब्यावर काय छापलंय यापेक्षा डब्यात काय भरलंय याकडे माझं लक्ष आधी जातं.

दाढीच्या साबणाचा जीव स्टिअरिक आम्लात असतो. ते पामतेलातून काढतात. जनावरांच्या चरबीतही ते भरपूर असतं. अंगाच्या साबणाला कॉस्टिक सोडा लागतो, त्याने वडी घट्ट होते. दाढीच्या साबणाला प्रामुख्याने कॉस्टिक पोटॅश लागतं, कारण पोटॅशचा साबण मऊ होतो, पाण्यात चटकन उतरतो आणि त्याचा फेस दाट, बारीक बुडबुड्यांचा, गालावर टिकणारा होतो. खोबरेल जास्त घातलं तर फेस झटकन वर येतो, पण बुडबुडे मोठे, बसतातही लगेच आणि कातडी ओढल्यासारखी होते. वरून ग्लिसरीन, म्हणजे पाणी धरून ठेवायला. पाया एवढाच. यात दुर्मीळ असं काहीही नाही. शंभर ग्रॅम साबणातल्या या तेल-आम्लांचा घाऊक भाव पन्नास रुपयांपर्यंतही जाणं अवघड. 2022 मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली तेव्हा जगभर तेलं भडकली, ती झळ स्वस्त साबणवाल्यांना बसली. चार हजारांच्या डब्याचा भाव त्याने हलावा इतकं तेल त्या डब्यात नसतंच.

तुर्कस्तानात आर्को नावाची दाढीच्या साबणाची कांडी मिळते. ती जगातल्या सर्वांत स्वस्त दाढीच्या साबणांपैकी एक आहे आणि तिचा फेस भल्याभल्या डब्यांच्या तोडीचा आहे. तिच्यात जनावराची चरबी असू शकते, हे मात्र लक्षात ठेव. बऱ्याच परदेशी साबणांत असते. डब्यावरच्या घटकांच्या यादीत सोडियम टॅलोएट किंवा पोटॅशियम टॅलोएट असं लिहिलेलं दिसलं की समजायचं. घरी आईला चालणार नसेल तर ते आधी पाहा, किंमत नंतर. जर्मनीच्या टाबाक या जुन्या ब्रँडने मात्र आता चरबी सोडून वनस्पतिज तेलं धरली आहेत, तेव्हा जुन्या लोकांनी केलेली स्तुती आजच्या डब्याला लागू पडेलच असं नाही. नाव तेच, डबा तोच आणि माल वेगळा, हे या धंद्यात नेहमी होतं. म्हणून शिफारस कधीची आहे हे विचारल्याशिवाय तिच्यावर पैसे लावू नयेत.

मग पैसे जातात कुठे? आधी सुगंधात. खरं गुलाबाचं तेल एक किलो काढायला तीन-चार टन फुलं लागतात. खऱ्या चंदनतेलाचे भाव तर तू ऐकले असशीलच. म्हणूनच चंदनाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक साबणांत प्रयोगशाळेत तयार केलेला वास असतो. त्यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, चांगला कृत्रिम चंदन फार सुंदर असतो. पण वासाचे पैसे देतोय हे माहीत असून द्यावेत. नंतर येते हातमजुरी. कारखान्याच्या एका घाण्यात टनाने माल निघतो, हातसाबणवाला, म्हणजे घरगुती पद्धतीने हाताने साबण करणारा, एका वेळी काही किलो करतो. त्याच्या कष्टाचे पैसे त्या डब्यात असतात आणि ते त्याला मिळायलाच हवेत. पुढे लाकडी वाडगा, जाड काचेची बरणी, सोनेरी अक्षरं. आणि शेवटी समुद्र ओलांडण्याचा खर्च.

हा शेवटचा भाग आपल्याला सगळ्यांत जास्त लागतो आणि त्याकडेच कुणी बघत नाही. 2010 च्या सुमारास युरो साठ रुपयांच्या आसपास होता, 2025 मध्ये त्याने शंभरी ओलांडली. म्हणजे फ्रान्समधल्या माणसाने किंमत एका पैशानेही वाढवली नसती, तरी तुझ्यासाठी तो साबण दीडपटीहून महाग झाला असता. त्यावर सीमाशुल्क, वर आपला कर, वर आयात करणाऱ्याचा नफा. फ्लॉरेन्सच्या मार्तेल्ली कुटुंबाचं प्रोरासो हे दाढीचं क्रीम उदाहरण म्हणून बघ. इटलीत ते रोजच्या वाणसामानाबरोबर उचलण्याची वस्तू आहे, हिरवी ट्यूब, काही युरो. आपल्याकडे पोचेपर्यंत ती चैनीची वस्तू होते. क्रीम तेच आहे. मिलानचा चेल्ला हा दाढीचा साबण, 1899 पासूनचा, त्याची तर किलोची लादी मिळते, न्हाव्यांसाठी. तिथला न्हावी ती कापून वापरतो. म्हणून एखादा साबण महाग दिसला की त्याच्या गावात तो काय भावाने मिळतो, हे शोध. तिथेही महाग असेल तर त्यात काही तरी असण्याची शक्यता आहे. तिथे स्वस्त असेल तर तू वाहतुकीचे पैसे देतोयस. तुझी आतेबहीण म्युनिकला असते ना? दिवाळीला येताना तिला दाढीच्या साबणाची एक कांडी आणायला सांग. तिथे काही युरोंत मिळते, बॅगेत कोपऱ्यात मावते.

इकडे देशी मालाचं उलट झालंय. 22 सप्टेंबर 2025 पासून शेव्हिंग क्रीमवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला.

आता महाग साबणाच्या बाजूनेही बोलतो, कारण बाजू आहे. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड हे लोकरीचं गाव. तिथला मिचेल्स वूल फॅट हा साबण लॅनोलिन घालून करतात. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचं मेण. ते कातडीवर पातळ थर ठेवून जातं. डिसेंबरात नाशिक-जळगावकडच्या कोरड्या थंडीत ज्यांचे गाल फुटतात, त्यांना हा फरक दाढीनंतर तासाभराने कळतो. शिया बटरचंही, म्हणजे आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांच्या घट्ट तेलाचंही, तसंच. आणि एक गोष्ट सांगताना मला फार बरं वाटतं: परदेशातल्या काही नावाजलेल्या हातसाबणवाल्यांच्या यादीत गार्सिनिया इंडिका असतं. म्हणजे आपलं कोकम. कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, कोकणात-गोव्यात भेगा पडलेल्या टाचांना लावतात ते. त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक असतं, त्यामुळे दाढीच्या साबणाला ते देवाने दिल्यासारखं आहे. सिंधुदुर्गातला माणूस ते गोळे बाजारात विकतो, आणि सातासमुद्रापार त्याचा साबण होऊन कितीतरी पट भावाने विकला जातो. आपल्या एखाद्या तरुणाने हे मनावर घ्यावं असं मला कितीदा वाटतं. तुझ्या ओळखीत कोणी असेल तर माझ्याकडे पाठव, कृती मी देईन, एक पैसा घेणार नाही.

एक मात्र खरं, खरा साबण म्हटला की तो अल्कधर्मीच. फेसाचा पीएच नऊ-दहाच्या घरात, कातडीचा पाच-साडेपाच. दाढीनंतर थोडी कोरड येणार, ती चार हजारांच्या साबणानेही पूर्ण टळत नाही. थंड पाणी, तुरटीचा खडा, मग साधं मॉइश्चरायझर.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. तुझ्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे असं मागे म्हणाला होतास. नळावर पांढरे डाग, बादलीला पुटं? मग तुझी अडचण साबण नाहीच, पाणी आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि न विरघळणारा चोथा करतं. तू ब्रश फिरवतोस, साबणाचा पहिला वाटा त्या क्षारांना मारण्यातच संपतो, उरलेल्याचा फेस होतो आणि तोही दोन मिनिटांत कोरडा पडतो. मग वाटतं साबणच वाईट, याहून भारी घ्यायला हवा. कारखान्यातल्या क्रीममध्ये आम्ही ईडीटीएसारखी द्रव्यं घालतो, ती क्षारांना बांधून ठेवतात. हातसाबणवाल्यांपैकी अनेक जण शुद्धतेच्या आग्रहाने ती घालत नाहीत. परिणाम असा की बोअरच्या पाण्यावर शंभर रुपयांची देशी ट्यूब चार हजारांच्या डब्याला मागे टाकू शकते. मी हे चाचणीत पाहिलेलं आहे आणि त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काहीही नाही.

उपाय फुकटात आहे. स्वयंपाकघरातल्या आरओचं एक तांब्याभर पाणी घे, कोमट कर, ब्रश त्यात भिजव, फेसही त्याच पाण्याने कर. चेहरा धुवायला बोअरचं चालेल. आठवडाभर असं करून पाहा, तेही तुझ्याकडे आत्ता आहे त्याच क्रीमने.

दुसरं, दाढी भिजू दे. केसाला पाणी प्यायला दोन-तीन मिनिटं लागतात. भिजलेला केस कापायला कोरड्याच्या मानाने फार कमी जोर पुरतो. अंघोळीनंतर दाढी करणारा माणूस स्वस्त साबणातही सुखी असतो. आणि ब्रश घाईने फिरवू नकोस. साबण घेताना ब्रश जेमतेम ओला असावा, मग गालावर थेंब-थेंब पाणी वाढवत न्यायचं, फेस दह्यासारखा चकचकीत दिसेपर्यंत. बहुतेक नवशिके पाणी कमी घालतात आणि साबणाला दोष देतात.

आता हिशेब. एका दाढीला घट्ट साबण साधारण दीड ग्रॅम लागतो. 110 ग्रॅमचा चार हजारांचा डबा सत्तर-बहात्तर दाढ्यांत संपेल, म्हणजे दाढीमागे 55 रुपये. शंभर रुपयांची 70 ग्रॅमची ट्यूब, एका वेळी ग्रॅमभर, म्हणजे दाढीमागे दीड रुपयाच्या आत. तू रोज दाढी करतोस. वर्षाला एकीकडे वीस हजार, दुसरीकडे पाचशे. या दोन टोकांच्या मध्ये सात-आठशे ते हजार रुपयांत मिळणारे चांगले साबण आहेत, दाढीमागे दहा ते चौदा रुपयांचे. माझं मत स्पष्ट आहे: स्प्रेच्या डब्यातल्या फेसाकडून चांगल्या क्रीमकडे जाताना जो फरक पडतो तो मोठा, क्रीमकडून या मधल्या साबणांकडे जाताना पडतो तो लहान, पण खरा, विशेषतः कोरड्या कातडीला. त्यापुढचे तीन हजार वास आणि डब्यासाठी आहेत. वजन बघतानाही एक पाहा. रुळांतून तीन-तीनदा दाबून काढलेल्या वडीत पाणी कमी असतं, ती मऊ साबणापेक्षा त्याच वजनात जास्त दिवस जाते. आणि शक्य तिथे वाडगा न घेता नुसती रिफिल घे. घरातली स्टीलची वाटी उत्तम चालते.

वास आवडला म्हणून चार हजार द्यायचे असतील तर मी तुला अडवणार नाही. सकाळच्या दहा मिनिटांत मन प्रसन्न होत असेल तर ते मोलाचं आहे, आणि तू स्वतः कमावतोस. फक्त क्रेडिट कार्डावर नको, आणि साठा नको. लिंबूवर्गीय वास वर्षभरात उडून जातात. ज्यात साबण न झालेलं मोकळं तेल जास्त असतं तो साबण आपल्या पावसाळ्यात, बंद कपाटात, खवट होऊ शकतो. वापरून झाल्यावर डबा उघडा ठेवून वाळू द्यायचा आणि मगच झाकण लावायचं. आणि ‘मर्यादित आवृत्ती, शेवटचे काही डबे’ असं दिसलं की पान बंद कर. साबण पुन्हा करता येतो, त्यांना हवं तेव्हा ते करतात.

तर आधी तांब्याभर आरओचं पाणी आणि घरातली ट्यूब. ती संपली की एक मधल्या किमतीची रिफिल, ती तळाशी जाईपर्यंत दुसरं काही नाही. तोवर गाल काय म्हणतात ते तुला कळलेलं असेल. त्यानंतरही फ्रेंच साबण हवासा वाटला तर खुशाल घे, आणि मला कळव. यादीचा फोटो पाठवलास तर आत काय आहे ते ओळ न् ओळ सांगेन. पुढच्या महिन्यात इकडे येशील तेव्हा तुमच्या बोअरचं पाणी एका बाटलीत भरून आण, कडकपणा मोजून देतो.

तुझा,
काका