अ‍ॅस्पिरेशन: आत गेलेलं आणि ओढून काढलेलं

प्रश्न असा आला आहे. आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला, नंतर ताप चढला, दम लागला, दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आल्यावर नातवाने डिस्चार्ज कार्ड वाचलं. वर आजाराचं नाव ‘अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया’, आणि चार ओळी खाली उपचारांत ‘प्ल्युरल अ‍ॅस्पिरेशन केले’. एकच शब्द दुखणंही आणि इलाजही कसा? मोबाइलवर भाषांतर केलं तर ‘आकांक्षा’ आलं. मग मराठीत म्हणायचं काय?

शब्द लॅटिनमधला. ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणं, फुंकणं, आणि आधीचं ‘अ‍ॅड’ म्हणजे ‘कडे’. एखाद्या गोष्टीकडे श्वास जाणं, यातूनच पुढे मनाची धाव आली, म्हणून ‘आकांक्षा’ हा अर्थ खरा आहे, फक्त तो इथला नाही. वैद्यकात उरला तो ‘आत ओढणं’ एवढा अर्थ. आता कोडं सुटतं. ओढण्याची क्रिया दोन्हीकडे तीच आहे, ओढणारा वेगळा. आजोबांच्या फुप्फुसाने श्वासाबरोबर अन्न, लाळ किंवा पोटातलं आत ओढलं, तो आजार. फुप्फुसाभोवती साचलेलं पाणी सुई घालून सिरिंजने आपल्यात ओढलं, तो इलाज.

मराठीत पहिल्यासाठी ‘ठसका’ सुचवणारे बरेच आहेत. मला तो शब्द फार आवडतो, पण इथे तो चालत नाही, आणि हे मी कळकळीने सांगते. मिरचीच्या फोडणीने ठसका लागतो, तेव्हा श्वासनलिकेत अन्नाचा कणही गेलेला नसतो. ठसका म्हणजे आत शिरू पाहणाऱ्याला शरीराने दिलेला धक्का, म्हणजे पहारेकरी जागा असल्याची खूण. अर्धांगवायूनंतर पुष्कळदा हा पहारेकरीच झोपलेला असतो.

माझ्या आत्याच्या बाबतीत हेच झालं. झटक्यानंतर ती बशीतून चहा प्यायची, आणि एकदाही ठसका लागत नव्हता म्हणून आम्ही निर्धास्त होतो. फक्त प्रत्येक घोटानंतर तिचा आवाज ओला यायचा, घशात पाणी खुळखुळत असावं तसा. चौथ्या दिवशी ताप. डॉक्टरांनी विचारलं, ‘ठसका लागायचा का?’ आम्ही अभिमानाने ‘नाही’ म्हणालो. ते म्हणाले, तिला ठसका येत नाही, हीच तर काळजीची गोष्ट आहे. अशा गुपचूप आत जाण्याला डॉक्टर ‘सायलेंट अ‍ॅस्पिरेशन’ म्हणतात. त्याला ठसका म्हणणं म्हणजे नसलेली गोष्ट नावात आणणं.

पूर्ण भूल दिल्यावरही गिळणं आणि खोकणं दोन्ही थांबतं. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 साली 44,016 गर्भवतींच्या नोंदी तपासून लेख लिहिला. त्यांतल्या 66 जणींच्या बाबतीत भुलेखाली पोटातलं फुप्फुसात गेलं होतं. ऑपरेशनआधी ‘सहा तास खाऊ नका, दोन तास पाणीही नको’ असं बजावतात, त्यामागे हीच भीती आहे.

म्हणून आजारासाठी मी सरळ ‘श्वासनलिकेत अन्न जाणे’ असंच म्हणेन. न्यूमोनियाला जोडायचं तर ‘अन्न फुप्फुसात गेल्याने झालेला न्यूमोनिया’. लांब आहे, पण आजीलाही कळतं.

इलाजासाठी तर लोकांनी शब्द आधीच केलेत: ‘छातीतलं पाणी काढलं’, ‘गाठीची सुईची तपासणी केली’ (गाठीतलं सुईने ओढून तपासतात, तेही अ‍ॅस्पिरेशनच). त्यांत काही कमी नाही. लेखी, शास्त्रीय मजकुरात एकच नाम हवं असेल तर ‘शोषण’ नको. मराठीत शोषण म्हटलं की मजूर आणि सावकार डोळ्यांपुढे येतात, आणि घशाला शोष पडतो तेव्हा घसा कोरडा पडलेला असतो. ‘आचूषण’ घ्या. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात यंत्रांनी करायची 24 कर्मं सांगितली आहेत, त्यांत आचूषण आहे. चोखून, ओढून बाहेर काढणं हाच त्याचा अर्थ. तिथेच दूषित रक्त काढायला शिंग, जळू आणि भोपळा सांगितला आहे. तो भोपळा आपल्याकडे ‘तुंबडी’ होऊन भाषेत राहिला.

आणि एवढं सगळं शोधताना मला ‘ओढ’ सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण श्वास ओढतो, विडी ओढतो, नर्स बाटलीतून सिरिंजमध्ये औषध ओढते, आणि माणसाला माहेरची ओढ लागते. लॅटिन शब्दाने श्वास, सुई आणि मनाची धाव असं जे तिन्ही कवेत घेतलं, ते आपल्या एका क्रियापदाने कुणाला न विचारता घेतलंय. भाषाशास्त्रात अ‍ॅस्पिरेशन म्हणजे ख, घ, ढ, भ यांच्यातला ‘ह’कार, ज्यामुळे त्यांना महाप्राण म्हणतात. ‘ओढ’मधल्या ‘ढ’मध्ये तोही आहे.

तेव्हा नातवाने आजोबांना सांगावं: ‘आबा, घास चुकून फुप्फुसात ओढला गेला होता, आणि त्यामुळे साचलेलं पाणी डॉक्टरांनी सुईने ओढून काढलं.’ आणि आजोबांना भरवताना त्यांना ताठ बसवावं, आवाज ओला येतोय का तेही ऐकावं.